चौकातला फळा: नारायण, सदाशिव, शनिवार पेठेतल्या रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौकात मंडळाचा फळा आहे, त्यावर खडूने जे लिहितो तेच ग्रुपवर पण टाकतो. तरी रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. आधी इथे बघा, नाही सापडलं तर विचारा, राग नाही.

फळ्यावर काय लिहिता आणि काय नाही?

पाणी, लाईट, रस्ते बंद, नदीचा विसर्ग, निधनवार्ता, हरवलं-सापडलं, रक्तदान-आरोग्य शिबिरं, महापालिकेच्या मुदती. वाढदिवसाच्या शुभेच्छा, "भावी नगरसेवक", अमक्या दादांचं अभिनंदन हे लिहीत नाही, त्यासाठी चौकाचौकात फ्लेक्स आहेतच, खरं तर गरजेपेक्षा जास्तच आहेत.

मला एक सूचना द्यायचीय, कशी देऊ?

चार गोष्टी लागतात: काय होणार, कुठून कुठपर्यंत, कधीपासून कधीपर्यंत, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं. "उद्या पाणी नाही" असा मेसेज आला तर आम्ही तो घेत नाही, कारण तो उद्या म्हणजे कुठला उद्या ते कुणालाच माहीत नसतं आणि तीन महिन्यांनी तोच मेसेज परत फिरून येतो आणि सगळी पेठ बादल्या भरत बसते. वार आणि तारीख दोन्ही लिहा, वर्ष पण लिहा. वार आणि तारखेचा मेळ बसत नसेल तर मेसेज जुना आहे असं समजा, ही साधी युक्ती दहातले आठ फॉरवर्ड तिथल्या तिथे पकडते.

आणि "कुणी सांगितलं" मध्ये "आमच्या ग्रुपवर आलं" हे उत्तर चालत नाही.

या गुरुवारी पाणी येणार का?

पुण्यात पाणी बंद ठेवायचं तर बहुतेक वेळा गुरुवारच निवडतात. औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारी निघतात आणि मग जलकेंद्रांची, पंपिंगची कामंही त्याच दिवशी उरकतात. पण म्हणून प्रत्येक गुरुवारी पाणी बंद असतं असं नाही. महापालिकेचं प्रकटन एक-दोन दिवस आधी येतं, त्यात कुठल्या जलकेंद्राखालचा भाग ते लिहिलेलं असतं. आपल्या भागाला पर्वती जलकेंद्र बघायचं. वडगाव, वारजे, लष्कर असं काही लिहिलं असेल तर घाबरू नका, ते बहुतेक वेळा आपलं नसतं, पण खाली पेठांची यादी दिलेली असते ती मात्र वाचा.

त्या प्रकटनाचं शेवटचं वाक्य लोक वाचतच नाहीत: "शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल." म्हणजे खरी पंचाईत शुक्रवारी सकाळी होते, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आणि ज्या जुन्या वाड्यांना खालची टाकी नाही तिथे. तेव्हा बुधवारी रात्री भरून ठेवताना दीड दिवसाचा हिशोब धरा. पाणी परत आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ येऊ शकतं, ते प्यायला भरू नका, फरशी पुसायला वापरा.

धरण भरलं म्हणतात, मग पाणीकपात का?

कारण "धरण भरलं" म्हणजे कुठलं ते बघायला लागतं. पुण्याला पाणी देणारी साखळी चार धरणांची: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चौघांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यात एकट्या खडकवासल्याचा जेमतेम १.९७. ते सगळ्यात खाली आहे आणि सगळ्यात लहान आहे, जूनच्या शेवटी दोन चांगल्या सरी पडल्या की भरतं आणि फोटो फिरायला लागतात. वरसगाव १२.८२ आणि पानशेत १०.६५, ही दोन भरली की पुणेकरांनी निश्चिंत व्हायचं. आणि हे पाणी फक्त शहराचं नाही, खाली दौंड-इंदापूरकडची शेतीही त्यावरच आहे, त्यामुळे कालवा समितीच्या बैठकीत काय ठरतं त्यावर पण आपला नळ अवलंबून असतो.

फळ्यावर आम्ही साखळीचा एकूण आकडा लिहितो, एका धरणाचा नाही.

खडकवासल्यातून पाणी सोडलंय, नदीपात्रात गाडी लावलीय, काय करू?

हे वाचत बसू नका, आधी जाऊन गाडी काढा.

काढून आलात? मग आता सांगतो. वरची तीन धरणं भरली की त्यांचं सगळं पाणी खडकवासल्यात येतं आणि खडकवासल्यात जागा नसते, त्यामुळे तिथून मुठेत सोडावंच लागतं. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर, अंदाज आला ना. हे पाणी लगेच आपल्याकडे येत नाही, मधे काही तास जातात, आणि या मधल्या वेळातच माणसं फसतात, नदीपात्रात जाऊन बघतात, पाणी तर काहीच वाढलेलं नाही म्हणून गाडी तिथेच ठेवून घरी येऊन झोपतात आणि पहाटे फक्त टप दिसतो.

पाण्याखाली सगळ्यात आधी बाबा भिडे पूल जातो, तो मुळात खालच्या पातळीवरच बांधलाय. नदीपात्रातला रस्ताही तेव्हाच बंद होतो. "भिडे पूल चालू आहे का" हा पावसाळ्यात आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर तासातासाला बदलतं, म्हणून फळ्यावर वेळ टाकून लिहितो. दुपारी ३ ची नोंद रात्री ९ ला खरी धरू नका. पूल बंद असेल तर लकडी पुलावरून जा. झेड ब्रिज दुचाकीवाल्यांसाठीच आहे, चारचाकी घेऊन तिथे चौकशी करू नये.

सोडलेला आकडा एकदा बघून भागत नाही, तो वाढवत नेतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेला होता. आपल्याकडे नदीकाठच्या तळमजल्यांनी, विशेषतः शनिवार-नारायण पेठेच्या नदीकडच्या बाजूने, आकडा २० हजारांच्या पुढे चाललाय असं दिसलं की मोटर, इन्व्हर्टर, कागदपत्रं वर उचलून ठेवावीत. नंतर कमी झालं तर परत खाली ठेवू, त्यात काय.

"पानशेत फुटलं" असा मेसेज आलाय, खरं आहे का?

१२ जुलै १९६१ ला फुटलं होतं. ज्यांच्या घरात तो पूर बघितलेली माणसं आहेत त्यांना कारण सांगायला नको, ती घाबरतात आणि ते बरोबरच आहे. पण आज असं काही झालं तर ते तुम्हाला एखाद्या ऑडिओ क्लिपमधून कळणार नाही, भोंगे, पोलीस, अग्निशमन दल सगळे रस्त्यावर असतील. आजी-आजोबांच्या समोर ती क्लिप वाजवू नका एवढी विनंती. जलसंपदा खातं आणि महापालिका दोघेही विसर्गाचे आकडे अधिकृतपणे देतात, तेच आम्ही उतरवतो.

पाणी उकळून प्यायचं का?

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडकडे, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे म्हणजे गुलेन बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले आणि संशय पाण्यावर गेला, तेव्हापासून हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. वास आला, रंग बदलला किंवा घरात एकाहून जास्त जणांना जुलाब झाले तर उकळा आणि महापालिकेला कळवा. रस्ता खणलाय आणि जवळच ड्रेनेज लाईन आहे असं असेल तर तक्रार करताना तेही सांगा, शोधायला सोपं जातं. जुन्या वाड्यांतून टाकी कधी धुतलीय हे कुणालाच आठवत नाही, ते पण एकदा बघा.

लाईट गेली, तुम्हाला काही माहितीय?

आम्हालाही तुमच्याबरोबरच अंधारात बसावं लागतं हो. आधी समोरच्या घरात आहे का ते बघा, आहे तर तुमचाच फ्यूज. नाही तर महावितरणचा १९१२. फोन लागत नसेल तर बिलाला जो मोबाईल जोडलाय त्यावरून ९९३०३९९३०३ ला इंग्रजीत 'नो पॉवर' (दोन्ही शब्द जोडून), मग जागा सोडून १२ अंकी ग्राहक क्रमांक असा एसएमएस करता येतो. ग्राहक क्रमांक अंधारात शोधत बसण्यापेक्षा आत्ताच बिलाचा फोटो काढून ठेवा. मोबाईल जोडलेला असेल तर नियोजित शटडाऊनचे मेसेज आधी येतात, बऱ्याच जणांच्या बिलाला मात्र अजून वडिलांचा जुना नंबरच आहे.

गणपतीत रस्ते कधी बंद, आम्ही घरी कसं जायचं?

दरवर्षीचं वाहतूक पोलिसांचं परिपत्रक वेगळं असतं, ते आलं की लगेच लावतो. पण साचा ठरलेला आहे. पहिले दोन-तीन दिवस त्रास कमी, मग देखावे सुरू झाले आणि गौरी गेल्या की संध्याकाळी शिवाजी रोड, लक्ष्मी रोडकडे गाडी नेणं विसरायचं. विसर्जनाला मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते, बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडने अलका टॉकीज चौकात येते. आधी मानाचे पाच, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, आणि मग बाकीचे. केळकर रोड, कुमठेकर रोड, टिळक रोडवरूनही रांगा लागलेल्या असतात. मिरवणूक २४ तासांच्या वर चालते हे आता नवीन राहिलेलं नाही.

याचा आपल्यासाठी अर्थ असा की लक्ष्मी रोड आणि केळकर रोडच्या मधे राहणारा माणूस अनंत चतुर्दशीच्या सकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी बाहेर काढू शकत नाही. ज्यांना त्या दिवशी एअरपोर्ट, स्टेशन, परीक्षा, लग्न काहीही असेल त्यांनी आदल्या रात्रीच गाडी नदीपलीकडे डेक्कन-कर्वे रोडच्या बाजूला लावून यावं आणि चालत पूल ओलांडावा. मेट्रो आल्यापासून हे बरंच सुसह्य झालंय, डेक्कन एका बाजूला आणि कसबा पेठ, मंडई दुसऱ्या बाजूला, फक्त संध्याकाळी स्टेशनात शिरायलाच रांग असते.

घरात डायलिसिस, केमो, बाळंतपण असं काही असेल तर आठ दिवस आधी पोलीस चौकीत जाऊन सांगून ठेवा आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही सांगा. ॲम्ब्युलन्सला गर्दी वाट करून देते, ढोल थांबतात, हे दरवर्षी बघतो. पण ॲम्ब्युलन्सला तुमच्या बोळाच्या तोंडापर्यंत येता आलं पाहिजे, तेव्हा मुंजाबाच्या बोळासारख्या गल्ल्यांत त्या दिवशी दुचाक्या आडव्या लावू नका.

आणि पालखीला?

दोन्ही पालख्या फर्ग्युसन रोडने येऊन लकडी पूल, अलका चौक, लक्ष्मी रोडने पुढे जातात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला मुक्कामाला. ज्येष्ठ वद्यातली तिथी असल्यामुळे तारीख दरवर्षी बदलते. दुपारनंतर आपला सगळा भाग बंद. वारकऱ्यांना चहा-नाश्ता देणाऱ्या घरांनी कागदी पेले रस्त्यावर न टाकता गोळा होतील असं पोतं ठेवा.

स्पीकर किती वाजेपर्यंत चालतो?

नियम देशभर एकच, रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकारला रात्री १२ पर्यंत सूट देता येते आणि ते दिवस कोणते हे जिल्हाधिकारी जाहीर करतात, त्यात गणपतीचे काही दिवस असतातच. राहत्या भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आता प्रत्यक्षात काय होतं ते खिडक्यांच्या काचांना विचारा. तक्रार ११२ वर करा, नाव सांगायची इच्छा नसेल तर तसं आधीच सांगा. फळ्यावर मंडळाचं नाव घालून तक्रार लिहा असं काही जण म्हणतात, ते आम्ही करणार नाही, फळाच मंडळाच्या भिंतीवर आहे.

कचऱ्याचं काय? ताई चार दिवस आली नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात, त्यांना महिन्याचे पैसे घरटी द्यायचे असतात, ते देणं टाळून वर तक्रार करू नये. ओला-सुका वेगळा, डायपर-पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, फुटलेली काच जाड कागदात आणि ताईला तोंडाने सांगून. सणासुदीला, आजारपणात खाडा होणारच, त्यांनाही घर आहे. सलग नाही आली तर आरोग्य निरीक्षकांना सांगा. कोपऱ्यावर पिशवी ठेवून पळून जाणाऱ्यांचे फोटो आम्हाला पाठवू नका.

मिळकतकराची शेवटची तारीख?

साधारण ३१ मे पर्यंत पूर्ण भरला तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट, कधी मुदत वाढते, वाढली की लिहू, पण वाढेल म्हणून थांबू नका. मुदत गेल्यावर थकबाकीला महिन्याला २ टक्के शास्ती लागते, हे बँकेच्या बहुतेक कर्जांपेक्षा महाग आहे. स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत, जी मधे बंद होऊन २०२३ ला परत आली, ती बिलात दिसतेय का बघा, नसेल तर पीटी-३ फॉर्म. वाडा पाडून नवीन इमारतीत आलेल्यांनी हे नक्की तपासा, नाव जुन्याच माणसाचं राहतं आणि सवलत निघून जाते.

निधनवार्ता कशी द्यायची?

घरच्याच माणसाने फोन करावा, शेजाऱ्यांकडून आलेली आम्ही घरी विचारल्याशिवाय लिहीत नाही. नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून, वैकुंठ की ओंकारेश्वर, एवढं पुरे. "कुणाला थांबायचंय का", परगावहून मुलगी येणार आहे का, हे ठरवून मग वेळ सांगा, नाहीतर वेळ तीनदा बदलते आणि म्हातारी माणसं उन्हात उभी राहतात. घरी निधन झालं असेल तर डॉक्टरांचा दाखला आणि आधार घेऊन आधी पास काढावा लागतो, एवढ्यासाठी रात्री-अपरात्री कार्यकर्त्यांपैकी कुणालाही उठवा, संकोच करू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्यावरचं नाव आधारप्रमाणे आहे ना ते तिथेच वाचून घ्या, पुढे बँक आणि वारसनोंद दोन्ही त्यावरच अडतात.

दहाव्याच्या, तेराव्याच्या सूचना फक्त घरच्यांना हव्या असतील तरच.

काहीतरी सापडलंय / हरवलंय.

पाकीट सापडलं तर आधारचा किंवा एटीएम कार्डचा फोटो ग्रुपवर टाकू नका. पेठ आणि पहिलं नाव एवढंच लिहा, बाकी ओळख मालकाने पटवायची. सोनं सापडलं तर थेट चौकीत. मांजर हरवली तर फोटो द्या, पण "पांढरी-काळी" म्हणून वर्णन करू नका, निम्म्या पेठेतल्या मांजरी तशाच आहेत.

मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा व्हिडिओ आलाय, टाका ना!

नाही टाकणार. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. संशय आला तर ११२, माणसाचा फोटो नाही, गाडीचा नंबर नाही, गर्दी जमवणं तर अजिबात नाही. हा एक नियम मोडणाऱ्याला ग्रुपवरून लगेच काढतो, मग तो कुणाचाही मामा असो.

झाडावर नोटीस चिकटवलीय.

वाचा आणि फोटो काढा. १९७५ च्या वृक्ष कायद्यामुळे आपल्या अंगणातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. आक्षेप कुणाकडे आणि कधीपर्यंत घ्यायचा हे त्याच कागदावर असतं. पावसाने कागद गळून पडायच्या आत काय ते करा.

कुत्रा चावला.

वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, त्याच दिवशी लस सुरू करा, आणि सगळे डोस पूर्ण करा. चावलेला कुत्रा कुणाचा यावरून भांडण नंतर.

सोसायटीचं भांडण फळ्यावर घ्याल का?

नाही. वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी लागते आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत, एवढं दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

बाकीचे नंबर?

आग १०१, ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस ११२, ज्येष्ठांसाठी १४५६७. ऑनलाईन फसवणूक झाली तर १९३०, आणि तो पहिल्या तासाभरात लावा, उद्या मुलगा आल्यावर नाही. महापालिकेची तक्रार १८०० १०३० २२२ वर, तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो क्रमांक असेल तरच आम्ही पाठपुरावा करतो.

फळा कधी पुसता?

रोज सकाळी दूध आल्यावर. निधनवार्ता अंत्यसंस्कारापर्यंत राहते, विसर्गाचा आकडा नवीन आला की लगेच बदलतो. खडू कुणीही आणून दिले तरी चालतील, पांढरेच आणा, पिवळा लांबून दिसत नाही.